उतारवयातली प्रार्थना

माननीय संपादक,

वय वाढलं की विश्वास आपोआप घट्ट होतो, असं सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. माझ्या आईची दृष्टी गेली तेव्हा तिने कित्येक महिने प्रार्थनाच केली नाही. मग एका रात्री ती बायबल मांडीवर घेऊन बसलेली दिसली. अक्षर दिसत नव्हतं, पण ७१ वं स्तोत्र कुठे आहे ते पानाच्या मऊ पडलेल्या कोपऱ्यावरून तिच्या बोटांना बरोबर कळलं. म्हातारपणी मला टाकू नकोस, शक्ती सरत आली असता सोडू नकोस, असं देवाला विनवणारं हे स्तोत्र. ते म्हणणारा माणूस भ्यालेला आहे, आणि पवित्र शास्त्राने ती भीती लपवलेली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

पुढे १८ व्या वचनात तोच पिकल्या केसांचा माणूस म्हणतो, येणाऱ्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत तरी मला सोडू नकोस. म्हणजे त्याच्याकडे अजून काम आहे! इस्राएली लोकांचा पुढारी मोशे मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा ८० वर्षांचा होता. मंदिरात बाळ येशूला ओळखणारी हन्नाही वयोवृद्ध विधवाच.

आपल्या चर्चच्या मंडळ्या वृद्धांना भेटतात त्या मात्र त्यांच्यासाठी प्रार्थना करायला. ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असं त्यांना क्वचितच कोणी म्हणतं. गेल्या महिन्यात एका शाळकरी मुलीने आईला परीक्षेसाठी प्रार्थना करायला सांगितलं. आता आई उठल्याबरोबर आधी त्या मुलीचं नाव घेते.

– एक वाचक