मुग्धा, पोचलीस की निवांत वाच

प्रिय मुग्धा,

पोचल्याचा मेसेज मिळाला. फोटोत खोली दिसली, टेबल दिसलं, खिडकी पण दिसली, खिडकीला जाळी आहे का नाही ते काही कळेना, मी झूम करून करून बघितलं. तुझी आई म्हणते आता बस करा. बस करतो. पण आज कपाट उघडलं तर मच्छरदाणी तिथेच, घडीसुद्धा न मोडलेली. म्हणजे मी बॅगेत घातली आणि तू गुपचूप काढलीस. धन्य आहे.

खरंतर ह्या पत्रात मलेरियाचं नाव काढायचं नाही असं मी ठरवलेलं. तुझं काम मलाही थोडंफार कळतं हे दाखवायचं होतं. म्हणून तुझ्या त्या अमेरिकन संगीतकाराचं, स्टीव्ह राइशचं, मिळेल ते वाचत बसलो, आणि वाचता वाचता काय कळलं तर १९७० मध्ये हा बाबा तिथेच, घानात, लेगॉनच्या युनिव्हर्सिटीत, तिथल्या एवे लोकांचं ढोलवादन शिकायला गेला आणि मलेरिया घेऊन न्यूयॉर्कला परत आला! पाच आठवड्यांत. तू त्याच्या 'ड्रमिंग' ह्या रचनेवर माझ्याशी तासभर बोलली असशील, हे तेवढं बरोब्बर गाळलंस.

ऐकलं मी 'ड्रमिंग'. पूर्ण. तासाभराचं आहे, चहा दोनदा झाला. सुरुवातीला नुसता एक ठोका, मग रिकाम्या जागी एकेक ठोका भरत भरत बारा मात्रांचा घाट तयार होतो, आणि सगळा तासभर तो एकच घाट. आधी बोंगो, मग मरिंबा, लाकडी पट्ट्यांचं ते वाद्य, आणि बायकांचे आवाज, मग ते घंटीसारखं किणकिणणारं, शेवटी सगळे एकत्र. आईला वाटलं रेकॉर्ड अडकली. मला वाटलं तुझे गुरुजी तबल्यावर कायदा वाढवायचे तसं काहीतरी, फक्त इथे कुणालाच घाई नाही. आणि एक वाचून बरं वाटलं, त्याने तिकडचे ठेके उचलून आपल्या नावावर खपवले नाहीत. दोन वाद्यं एकच घाट वाजवतायत आणि एक हळूच पुढे सरकतंय हे त्याने आधीच टेपवर शोधलं होतं, १९६५ मध्ये, रस्त्यावरच्या एका प्रवचनकाराचा आवाज दोन टेपरेकॉर्डरवर लावून. दोन्ही मशिनी थोड्या मागेपुढे व्हायला लागल्या, दुसरा कुणी असता तर मेकॅनिकला बोलावलं असतं. घानात त्याला एवढं पटलं की आपण चाललोय ती वाट बरोबर आहे, आणि खऱ्या वाद्यांचा आवाज मशिनीपेक्षा भरीव आहे. तूसुद्धा जे आणशील ते असंच आण, ढापून आणू नकोस. (लेक्चर झालं. माहितीये. सॉरी.)

ते माइक उलटे टांगून स्पीकरवर झोके द्यायचं त्याचं १९६८ चं प्रकरण मात्र मला झेपलं नाही. माइक स्पीकरवरून गेला की कुंई, गेला की कुंई, झोके थांबले की एकसुरी भोंगा आणि मग प्लग काढायचा. गणपतीत आपल्या मंडळाचा साउंडवाला हे फुकटात करतो.

त्याचं ते नुसत्या टाळ्यांचं, 'क्लॅपिंग म्युझिक', मात्र जमतंय बरं का. तीन, गॅप, दोन, गॅप, एक, गॅप, दोन, गॅप. बारा मात्रा झाल्या. तू म्हणायचीस, बाबा तुम्ही फक्त हे धरून ठेवा, मी सरकते, आणि तू एका मात्रेने सरकलीस की माझे हात लगेच तुझ्यामागे पळायचे. आता रेकॉर्डिंग लावून बसतो, मुद्दाम तुझ्या टाळीकडे लक्ष देत नाही, पायाने मात्रा मोजतो. काल शेवटपर्यंत टिकलो. जोशी वहिनींनी बेल वाजवून विचारलं, आज आरती लवकर का?

आणि त्याचं ते गाड्यांचं ऐकलं, 'डिफरंट ट्रेन्स'. त्यावर मला नीट बोलता यायचं नाही. सगळी नोकरी गार्डाच्या डब्यात गेली माझी, शिट्टीवरून इंजिन ओळखणारा माणूस मी, आणि त्यात अमेरिकेतल्या गाड्यांच्या शिट्ट्या लांब, सा-पच्या अंतरातल्या, ऐकून झोप येईल अशा, आणि युरोपातल्या आल्या की नुसत्या किंचाळ्या. आईवडील वेगळे झालेले, म्हणून हे पोरगं, म्हणजे राइश, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाईबरोबर न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस आगगाडीने जा-ये करायचं. मोठेपणी त्याच्या मनात आलं, आपण ज्यू, तेव्हा युरोपात असतो तर आपल्याला दुसऱ्याच गाड्यांत घातलं असतं. मग हिटलरच्या छळछावण्यांकडे नेणाऱ्या त्या गाड्यांतून जिवंत वाचलेल्यांचे आवाज त्याने घेतले, आणि त्यांच्या बोलण्याचा चढउतार जसाच्या तसा व्हायोलिन, चेलोवर. १९८८ चं आहे. मधला भाग मी अर्ध्यावर बंद केला, दुसऱ्या दिवशी पुढचा ऐकला.

तुला भुसावळचं क्वार्टर आठवतं? रूळ तेव्हा तेरा मीटरचे, जोडावर खटक्-खटक् व्हायचं, आणि तू ताटावर चमच्याने तेच वाजवायचीस, मालगाडी वेगळी, एक्स्प्रेस वेगळी. आई ओरडायची, जेव आधी. आता रूळ वेल्डिंग केलेले, तो आवाजच गेला. त्याच क्वार्टरमध्ये त्या पावसाळ्यात तुला थंडी भरून आली होती, तीन रजया घातल्या तरी दात वाजत होते आणि मी ड्युटीवर, इगतपुरीला. बाळूकाकाचं नाव काढणार नाही असं आईला कबूल केलंय, म्हणून काढत नाही.

पण तिथला मलेरिया आपल्याकडच्यासारखा नाही गं, बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, डोक्यात जाणारा. तो टाळायची गोळी रोज, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्या घेतल्या आडवं पडायचं नाही. आणि परत आल्यावरही चार आठवडे चालूच ठेवायची, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय, तू तेव्हा मोबाइलमध्ये होतीस. संध्याकाळी ढोल शिकायला उघड्यावर बसाल तर पूर्ण बाह्या, मोजे. चप्पल नको.

तिथे सगळं त्या लोखंडी घंटेच्या भरवशावर चालतं आणि प्रत्येक ढोलाची सम वेगळ्या जागी पडते, असं तू म्हणाली होतीस. आपल्याला सगळे एका समेवर यायची सवय. कसं काय जमतं ते प्रत्यक्ष बघून सविस्तर लिही, मला खरंच जाणून घ्यायचंय. तुझे आजोबा भजनात पखवाज वाजवायचे, त्यांनी तर तुझी पाठच सोडली नसती. मी ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलंय, रिटायर झालो तरी जातो ना चहाला, म्हटलं लेक आफ्रिकेत शिकायला गेलीय. शेख म्हणाला, तिकडे जाऊन तबला? म्हटलं तुला नाही कळणार.

घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. तुझे रात्रीचे आठ म्हणजे इथे दीड, मी जागाच असतो. जेवून गोळी घेतलीस की नुसता अंगठा पाठवायचा, मेसेज टाइप करायची पण गरज नाही. आणि मच्छरदाणी तिथल्या बाजारात मिळते, मी चौकशी केलीय, पैसे काल टाकलेत.

तुझे
बाबा

ता.क. आई विचारतेय मेतकूट फुटलं का बॅगेत.