कमी पगार म्हणजे निष्ठा, हे कुणी ठरवलं?

संपादक साहेब,

मागच्या आठवड्यात तुमच्या पानावर एका वाचकाने लिहिलंय की आजकालचे खेळाडू नुसते पैशाच्या मागे, आणि एनबीएतले (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) जुने लोक बघा, टीमसाठी पगार सोडायचे. पाववाल्या पोदेरचा हॉर्न वाजायच्या आधी उठून त्या मॅचेस बघणारा माणूस मी, त्यामुळे राहवलं नाही.

पगार सोडतात हे खरंच आहे. स्पर्स टीमचा टिम डंकन 2012 मध्ये वर्षाला 2 कोटी डॉलरच्या वरून थेट 1 कोटीच्या आत आला आणि 2014 ला स्पर्स चॅम्पियन झाले. पण तिथे सॅलरी कॅप असते, म्हणजे पगारावर किती उधळायचं त्याला मर्यादा, तेव्हा मोठ्या खेळाडूने कमी घेतलं की दुसरा चांगला खेळाडू आणायला जागा होते. म्हणजे हा बाबा स्वतःच्या खिशातून जिंकायचा चान्स विकत घेतो, मालकाचं काय जातं? आणि तो चान्स लागेलच असंही नाही. डर्क नोवित्स्कीने 2014 मध्ये मोठ्या ऑफर सोडून आपल्या डॅलस टीमशी 3 वर्षांचा साधारण अडीच कोटी डॉलरचा करार केला, त्या जागेत टीमने चँडलर पार्सन्सला आणलं 4 कोटी 60 लाखांना, म्हणजे ज्याच्या नावावर स्टेडियम भरतं त्याला कमी आणि नव्या पाहुण्याला जवळजवळ दुप्पट! पुढच्या वर्षी टीम प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला घरी. पार्सन्स दोन वर्षांनी गेलासुद्धा.

जेलन ब्रन्सनने 2024 मध्ये आपल्या न्यूयॉर्क टीमसाठी 11 कोटी डॉलरवर पाणी सोडलं म्हणतात, पण त्याचे वडील तिथेच असिस्टंट कोच आणि टीमचा प्रेसिडेंट त्याचा जुना एजंट, ते घरचंच कार्य झालं.

आता तेच डॅलस बघा. फेब्रुवारी 2025 मध्ये आपला स्टार लुका डॉन्चिचला एका रात्रीत लेकर्स टीमला देऊन टाकलं, त्याने मागितलंही नव्हतं, वर डॅलसमध्ये राहून जो सगळ्यात मोठा करार मिळाला असता त्याचा हक्कही गेला. डर्कच्या करारात त्याच्या परवानगीशिवाय ट्रेड, म्हणजे दुसऱ्या टीमला देणं, नाही असं कलम होतं, पण त्यासाठी लीगमध्ये 8 वर्षं लागतात, लुकाची तेवढी झालीच नव्हती.

आपल्याकडे वेगळं काय? 2016 साली धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या देशाच्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडले, फेडरेशनच्या नव्या प्लॅनवर त्यांचा राग होता आणि तो रास्तही असेल, पण खेळाडूंनी काय करायचं होतं, निष्ठा म्हणून घरी बसायचं? तरी आपला पोरगा जास्त पगारासाठी कोलकात्याला गेला की बाजारात तिंट्यावर बसून त्याला गद्दार म्हणणारे आपणच, आणि क्लबने सीझन संपल्यावर साधा फोनही न करता काढून टाकलं तर कोण ब्र काढत नाही.

एक वाचक, फोंडा