डबाच तर आहे म्हणे!

गोरेगाव, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू चिरंजीवांच्या कॉम्प्युटरची यादी वाचून दाखवलीस. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळं पोराने अभ्यास करून काढलंय. आणि शेवटी तू काय म्हणालास, तर "कॅबिनेट तू बघ कुठलंही, डबाच तर आहे." मी तेव्हा विरार स्लोमध्ये होतो आणि एका गृहस्थाचं कोपर माझ्या बरगडीत होतं, म्हणून काही बोललो नाही. आज लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार बंद आहे, घरातले जेवून आडवे झालेत. आता बोलतो.

हे सगळं ज्यात बसवायचं तो डबाच आहे, मान्य. पण त्या यादीतलं बाकी सगळं चार-पाच वर्षांत जुनं होणार आणि डबा राहणार. इंटेलने मदरबोर्डाचं एटीएक्स हे माप 1995 साली काढलं आणि बोर्डाच्या स्क्रूची भोकं अजून त्याच जागी आहेत. आपण 2003 मध्ये घेतलेलं ते मळकट पांढरं कॅबिनेट आठवतं? त्यात आजचा बोर्डही बसेल. नुसता बसेल, श्वास घेता येणार नाही, ते वेगळं.

ते आणलं कसं, तेही आठवत असेल. टॅक्सीचे पैसे वाचवायचे म्हणून ऑपेरा हाऊसपर्यंत तू डोक्यावर घेतलंस, तिथून गिरगावात चाळीपर्यंत मी. बाजूचा पत्रा उघडताना तुझं बोट कापलं. काकूंनी हळद दाबली आणि म्हणाल्या, "एवढे पैसे घेतात आणि कडा घासून देत नाहीत होय रे?" कॅबिनेटबद्दल याहून नेमकं बोललेलं मी आजवर कोणाकडून ऐकलेलं नाही.

आजही दुकानात गेलो की मी पहिलं तेच बघतो. बाजूचा पत्रा काढायला लावायचा आणि आतल्या कडेवरून बोट अलगद फिरवायचं. चांगल्या कॅबिनेटची कड आत दुमडलेली असते, बोटाला गोल लागते. मग पत्र्याच्या मधोमध अंगठा दाबायचा. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तेलाच्या डब्यासारखा टॉक करून आत जातो. पाऊण मिलिमीटरच्या आसपास असेल तर नुसता जरासा दबतो. पातळ पत्रा पंखे फिरू लागले की थरथरतो, आणि एकदा वाकला की त्याची भोकं पुन्हा काही केल्या जुळत नाहीत. दुकानातला पोरगा तोंड वाकडं करतो. करू दे.

आणि तो करंट! तुझ्या बाबांनी अंघोळ करून येऊन कॅबिनेटला हात लावला आणि आपल्याला सगळं परत करून यायला सांगितलं. आपण दोघं अख्खा रविवार पत्र्यात दोष शोधत बसलो. दोष पत्र्यात नव्हताच. एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्याला वीज पुरवणाऱ्या खोक्याच्या, आत विजेतली खरखर गाळायला छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असलं तर ती गळती मुकाट जमिनीत जाते. नसलं तर पत्रा दोघांच्या अधेमधे लोंबकळतो, 230 व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे 115 च्या आसपास. त्यातून जाणारा करंट किरकोळ, पण ओल्या पायांनी हात लावला की झिणझिण्या येणारच. आपण दोन पिनांचा जुगाड लावला होता, तिसरी पिन हवेत होती. तेव्हा पोराच्या खोलीत तीन भोकांचं सॉकेट आहे एवढ्यावर खूश होऊ नकोस. तिसऱ्या भोकामागे खरंच तार आहे का, ते वायरमनला उघडून बघायला सांग.

बरं, आता माझी फजिती. ही मी कोणाला सांगितलेली नाही.

मागच्या खेपेला मी काचेच्या कॅबिनेटच्या प्रेमात पडलो. दुकानात दिवे लावून ठेवलेलं, काळ्या काचेमागे निळे-जांभळे पंखे. घरी टेबलाखाली जागा 50 सेंटिमीटर खोल, कॅबिनेट 46. वाटलं, चार सेंटिमीटर उरतात, झालं! पण मागून मॉनिटरची केबल आणि पॉवरची जाडी वायर निघते, तिला वळायला निदान सात-आठ सेंटिमीटर लागतात, हे ध्यानातच आलं नाही. मग ते पुढे ओढलं. आता येता-जाता लेकीचा गुडघा त्यावर आपटायचा. आणि खरी मजा पुढेच आहे. समोरून बघितलं तर बहुतेक कॅबिनेटची काच डाव्या अंगाला असते. आमच्या टेबलाच्या डाव्या अंगाला भिंत! ज्या काचेचे जास्तीचे पैसे मोजले ती वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसली. पंखे मात्र लुकलुकत होते आणि त्यांचा जांभळा उजेड फटीतून हॉलभर पसरायचा. आई तिथेच झोपते. म्हणाली, "हे लग्नाच्या मांडवासारखं रात्रभर काय पेटतंय?"

शेवट असा झाला. गणपतीआधीच्या साफसफाईत मी काच काढली आणि पुसायला म्हणून फरशीवर उभी टेकवली. टेकवली म्हणजे अगदी हळू हं. टक् असा एक आवाज झाला आणि हातात काहीच राहिलं नाही. खडीसाखरेसारखे दाणे पार सोफ्याखाली गेले. टेम्पर्ड काच मधोमध ठोसा मारला तरी सहन करते, पण तिचा जीव कडेत असतो आणि फरशीची टाइल काचेहून कठीण. कड टाइलवर टेकली की खेळ खलास. त्या काचेखाली गोधडी घालायची, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे दोन महिने कॅबिनेटच्या अंगाला पुठ्ठा होता, कुरिअरच्या खोक्याचा.

म्हणून म्हणतो, पोराला आधी टेप घेऊन टेबलाखाली पाठव. रुंदी, उंची, खोली, आणि भिंत कुठल्या अंगाला येते ते. तीनही मापांत वायरीला आणि हवेला जागा सोडायची.

त्याने मला ते मत्स्यालयासारखं कॅबिनेटही पाठवलंय, पुढे काच, बाजूला काच. दिसतं छान, नाही म्हणत नाही. लियान लीचं ओ-11 डायनॅमिक 2018 मध्ये आलं, तेव्हापासून या घाटाची लाट आहे. त्या घाटात पुढून हवा येतच नाही. ती खालून आणि बाजूने घ्यावी लागते, म्हणजे तिथे पंखे हवेत आणि ते वेगळे विकत घ्यावे लागतात. स्वस्तातल्या नकलेत मागे एकच पंखा देतात आणि बाकी जागा रिकाम्या. मग आतलं ग्राफिक्स कार्ड मे महिन्यात दुपारी एक वाजता पत्र्याच्या टपरीत बसल्यासारखं तापतं. त्यापेक्षा पुढे जाळी असलेलं घ्या. पुढून दोन-तीन पंखे हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की जादा हवा फटींतून बाहेर पडते, त्यामुळे धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडते. आमच्याकडे चारी बाजूंना इमारतींचा पुनर्विकास चाललाय, सिमेंटची धूळ आणि पावसाळी दमट हवा मिळून प्रोसेसरच्या पंख्यावर वाकळेसारखा थर बसतो. तुमच्याकडे चिपळूणात तांबडी माती. फरक रंगाचाच.

फिल्टर नुसता आहे का हे विचारू नका, निघतो कसा ते बघा. खालचा फिल्टर मागच्या बाजूने सरकत असेल तर प्रत्येक वेळी सगळ्या वायरी काढून कॅबिनेट बाहेर ओढावं लागतं, म्हणजे तो कधीच धुतला जाणार नाही. पुढून निघाला पाहिजे, ट्रेसारखा. आणि वर जाळी असेल तर वर काही ठेवायचं नाही, हे वहिनींना आत्ताच सांग. आमच्याकडे मोकळी जागा दिसली की तिथे इस्त्रीचे कपडे येतात.

बाकी भराभर सांगतो. कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट मिळत असेल तर आनंदाने नको म्हणायचं. त्यावर 450 वॅट छापलेलं असतं, छापायला काय जातं! तो वेगळा आणि चांगला घ्यायचा. फुकटच्या रंगीत पंख्यांची वायर कुठे जोडतात ते बघा. थेट एसएमपीएसला जोडायची असेल तर ते कायम पूर्ण वेगाने फिरणार आणि रात्री घर्रर्र चालू. बोर्डाला जोडता येणारे, चार पिनांचे असले तर गरजेप्रमाणे हळू होतात. मागे कार्डांच्या खाचा झाकणाऱ्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असाव्यात. स्वस्तात त्या पत्र्यातच कापलेल्या असतात, एकदा मोडली की भोक कायमचं. आमच्या जुन्या कॅबिनेटात अशाच भोकातून पाल गेली. वास आला तेव्हा कळलं.

मापं: पोराचा बोर्ड मायक्रो एटीएक्स आहे, म्हणजे 244 बाय 244 मिलिमीटर. त्याला भलंमोठं टॉवर कशाला? त्याच्या प्रोसेसरचा कूलर 155 मिलिमीटर उंच आहे म्हणतोस, तर ज्या कॅबिनेटवर 160 किंवा जास्त लिहिलंय तेच बघायचं. ग्राफिक्स कार्डाची लांबी लिहिलेली असते ती पुढे काही नसताना. पुढच्या पंख्याची जाडी 25 मिलिमीटर, तो आतल्या बाजूला बसत असेल तर तेवढी वजा करायची. पुढे टाइप-सीचं भोक आहे म्हणून भुलू नका, बोर्डावर त्याची जोडणी नसेल तर ते नुसतं शोभेचं.

मी हल्ली जे वापरतो ते दोन्ही बाजूंनी पत्र्याचं, पुढे जाळी, काळं कुळकुळीत. साडेचार हजारांना पडलं, पक्क्या बिलासकट. दुकानदाराने दोनदा विचारलं, "ग्लासवाला नको? नक्की?" लॅमिंग्टन रोडजवळच्या ग्रँट रोड स्टेशनला फास्ट लोकल थांबत नाही, स्लोच्या मालडब्यात खोकं मांडीवर घेऊन बसलो. शेजारी मासळीच्या पाट्या. खोक्याला घरी आल्यावर दोन दिवस बोंबलाचा वास होता, पण आतला थर्माकोल कोरडा.

तुम्ही दोघं येणार असाल तर रविवार सोडून या. पण टेबलाखालचे आकडे कळवल्याशिवाय मी ग्रँट रोडला उतरणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
नंदू

ता. क. काकूंनी त्या जुन्या कॅबिनेटखाली घातलेला सागवानी पाट अजून आहे का? दसऱ्याला त्यावर हार घातला होता आणि झेंडूच्या पाकळ्या पंख्यात ओढल्या गेल्या होत्या, तोच. असला तर शोधून ठेव. हल्ली एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाला बसतो, पूर्वी वर असायचा. चिपळूणात पाणी घरात शिरलं तर पहिला तोच भिजणार, आणि 2021 चा जुलै तू पाहिलायस, तुला मी काय सांगू. पाट कॅबिनेटच्या पायांहून रुंद आहे ना, तेवढं त्याच टेपने मोजून घे.