आशाताईंनो, साथीच्या कामाची वही आजच सुरू करा

सर्व आशाताई व गटप्रवर्तक ताईंना,

रोवणी लागली. पाणी साचलं की तापाची घरं वाढणारच. सर्वेक्षणाचं काम तोंडी सांगितलं, तर आदेश लेखी मागा आणि रोजची तारीख, घरं, रक्तनमुने वहीत लिहून आठवड्याला सही घ्या. कोविडमध्ये केंद्र सरकारने आशांना महिना १,००० रुपये जादा ठरवले होते. माझ्या वहीत सह्या नव्हत्या, म्हणून त्या पैशासाठी मला किती चकरा पडल्या! तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

रक्त घेताना हातमोजे हवेतच. संपले तर मागणी लेखी द्या, पोच ठेवा.

कुणी अंगावर धावून आलं तर गप्प बसू नका. १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये सुधारला. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे, ३ महिने ते ५ वर्षे कैद. गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्तीही त्यात येते. पोलीस ठाण्यात एकटी जाऊ नका, आधी ग्रुपवर कळवा.

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचा सरकारी ५० लाखांचा विमा कोविडपुरता होता, त्यावर विसंबू नका.

रविवारी सकाळी ११ वाजता उपकेंद्रात वह्या घेऊन या.