प्रदूषणाचे नियम सभागृहात तपासले जावेत

संपादक महोदय,

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 मधील कलम 26 नुसार केंद्र सरकारने केलेला प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे 30 दिवस ठेवावा लागतो आणि त्यात बदल करण्याचा किंवा तो रद्द करण्याचा अधिकार संसदेला असतो. मुंबईत मात्र, नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपून कारभार प्रशासकाकडे गेलेला असताना, बांधकामांच्या धुळीबाबतची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिका आयुक्तांच्या स्तरावरच ठरली. 70 मीटरपेक्षा उंच इमारतींभोवती किमान 35 फुटी पत्रे, पाण्याची फवारणी, झाकलेली वाहने या अटी आवश्यकच होत्या. त्यांना माझा विरोध नाही. परंतु पत्र्यांची उंची कशावरून ठरली, पाहणी कोण करणार आणि काम थांबवण्याची नोटीस नेमकी केव्हा निघणार, हे प्रशासनाला उघडपणे विचारणारे लोकनियुक्त सभागृहच तेव्हा नव्हते. दमेकरी मुलांना घेऊन रात्री जागणाऱ्या कुटुंबांसाठी हा केवळ कार्यपद्धतीचा प्रश्न नाही. अशी तत्त्वे सभागृहापुढे चर्चेला ठेवावीत, शक्य तेथे त्यांना महापालिका अधिनियमाखालील उपविधींचे, म्हणजे बंधनकारक स्थानिक नियमांचे, रूप द्यावे आणि अंमलबजावणीचा अहवाल दर सहा महिन्यांनी मागवावा, ही विनंती.

– एक रहिवासी, चेंबूर, मुंबई