बाल्कनीला जाळी

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाल्कनीत कबुतरं येऊ नयेत म्हणून शनिवारी सकाळी जाळीवाला येईल. पैसे मी दिलेत, तेव्हा 'मुलीशी बोलून कळवतो' म्हणून त्याला परत पाठवू नका. विचारायला हवं होतं, कबूल. पण आई, विचारलं असतं तर तू दोन दिवस जेवली नसतीस.

डॉक्टरांशी पाऊण तास बोलले. बाबांना दमा नाहीच. दम्यात हवा बाहेर पडायला अडते. बाबांची फुफ्फुसं ताठर झालीत, पुरती फुलत नाहीत. म्हणून फुंकायच्या तपासणीत हवेचा वेग ठीक, पण मुळात आत मावतेच कमी. आणि म्हणूनच त्या दम्याच्या पंपाचा उपयोग झाला नाही. पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर वेल्क्रो उचकटल्यासारखा आवाज येतो म्हणाले. कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची धूळ काहींच्या शरीराला सोसत नाही. आत सूज येते आणि ती वर्षानुवर्षं राहिली की वण पडतात.

आई, कबुतरांना दाणे तू घालायचीस म्हणून रडत बसू नकोस. तीच धूळ तुझ्याही छातीत गेली, तुला काही झालं नाही. कुणाला बाधेल हे आधी कळत नाही. हाच ताठरपणा कुणाला दगडाच्या भुकटीने येतो, कुणाला संधिवातातून, कुणाला एखाद्या औषधाने; कित्येकांचं कारण सापडतच नाही. चुकलं असेल तर माझं. वर्षभर फोनवर तो कोरडा खोकला ऐकला आणि 'वय झालं' म्हणत राहिले. जिन्यात मधेच थांबून बाबा चपलेचा पट्टा नीट करायचे. मला खांद्यावर घेऊन त्याच जिन्याने धावणारे बाबा! तेव्हा मी तुमचे कान धरायचे, आठवतं?

आता ऐका. जाळी बसेल त्या दिवशी बाबा घरी नकोत. विष्ठा कोरडी झाडायची नाही, भिजवूनच काढायची, आणि तेही आईने नाही. स्टेरॉइड नाश्त्यानंतर, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही. दुसरी गोळी वण वाढायचा वेग कमी करते. पडलेले वण ती पुसत नाही, बाबा, हे तुमच्यापासून लपवत नाही. जुलाब झाले तर सांगा, डोस कमी करता येतो. फ्लू आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या. श्वासाचे व्यायाम आणि चालणं सोडू नका.

चालताना बाबांच्या रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली जातो, म्हणून ऑक्सिजनचं मशीन मागवलंय. त्याची सवय लागत नाही. नळी लांबवाली घेतलीय, वाचायच्या खुर्चीपर्यंत पोचेल, फक्त पेटत्या शेगडीजवळ नेऊ नका.

आई, 'लांब मैदानात जाऊन दाणे घालीन' म्हणशील. तेही नको गं, धूळ कपड्यांवरून घरी येते. डबा मात्र टाकू नकोस, मी आल्यावर बघू.

तुमची,
छोटी