तिरंग्याची केशरी पट्टी डोक्याकडे असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जवानाचे पार्थिव गावात पोहोचायच्या आत श्रद्धांजलीचे फ्लेक्स कमानीवर चढलेले असतात. वरच्या कोपऱ्यात त्या पोराचा पासपोर्टएवढा फोटो आणि खाली दोन ओळींत आजी-माजी लोकप्रतिनिधी, इच्छुक उमेदवार, तालुकाध्यक्ष, युवा नेते हात जोडून उभे. पक्ष कोणताही असो, साचा हाच. हे इतके अंगवळणी पडले आहे की यात काही वावगे आहे असे कुणाला वाटेनासे झाले. म्हणून हे पत्र.

माझी बाजू आधीच सांगतो. देश, सैन्य, कुटुंब आणि रीतभात यांचा मान राखणाऱ्या विचाराचा मी आहे आणि मतही त्याच विचाराला देतो. पहलगामला 22 एप्रिल 2025 रोजी 26 जणांचे बळी गेल्यानंतर 7 मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर'मध्ये नऊ ठिकाणी जो प्रहार झाला, तो व्हायलाच हवा होता. कारवाई चालू असताना पुरावे द्या, आपली विमाने किती पडली ते सांगा, असा धोशा लावणाऱ्यांची मला चीड येते. जाब विचारायची जागा संसद आहे, आणि जुलैमध्ये तिथे चर्चा झालीही. पण लष्करी गणवेशात आपल्या नेत्याचे चित्र छापून चौकाचौकात फलक लावणारे माझ्याच बाजूचे असले तरी त्यांना सूट देता येत नाही. जवानांची छायाचित्रे प्रचारात वापरू नका, असे निवडणूक आयोगाने राजकीय पक्षांना डिसेंबर 2013 मध्ये लेखी कळवले होते आणि मार्च 2019 मध्ये पुन्हा बजावले. आचारसंहिता नसताना हे लागू होत नाही, हा बचाव कायद्याच्या चौकटीत बसेल. गेलेल्या जवानाच्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून हा बचाव कुणाला करता येणार नाही.

आता प्रत्यक्ष अंत्यसंस्काराकडे येतो, कारण चुका तिथेच होतात आणि त्या टाळणे अवघड नाही.

ध्वजसंहिता 2002 सांगते की शवपेटीवर तिरंगा पांघरताना केशरी पट्टी डोक्याकडे हवी. म्हणजे तिन्ही पट्ट्या पेटीवर आडव्या येतात : डोक्याशी केशरी, मध्ये पांढरी आणि चक्र, पायाशी हिरवी. ध्वजाचे प्रमाण 3:2 असल्यामुळे त्याची रुंदी पेटीच्या लांबीवर पडते आणि लांबी दोन्ही कडांवरून खाली येते. इथेच घोळ होतो. घरावर लावायचा 1350 बाय 900 मिलिमीटरचा झेंडा कुणीतरी घाईत आणतो. तो नीट आडवा टाकला तर जेमतेम अर्धी पेटी झाकतो. मग तो फिरवून लांबीच्या बाजूने पसरतात, आणि केशरी पट्टी डोक्याऐवजी एका कुशीला जाते. पेटी नीट झाकायला 2700 बाय 1800 मिलिमीटरचा ध्वज पुरतो. 1800 मिलिमीटर रुंदीत पेटी डोक्यापासून जवळजवळ पायापर्यंत झाकली जाते आणि दोन्ही बाजूंना साधारण मीटरभर कापड खाली उतरते. म्हणून चौथरा किंवा टेबल बुटके असेल तर कडा हलकेच पेटीखाली सारून घ्याव्या लागतात. ध्वज जमिनीला लागता कामा नये. खिळे, टाचण्या, स्टेपल चालत नाहीत. बाजारातल्या स्वस्त झेंड्यांचे प्रमाणच चुकलेले असते, चक्र लंबगोल असते. पॉलिस्टरला 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने मुभा मिळाली आहे, पण 3:2 ची अट गेलेली नाही. सैन्याची तुकडी बरोबर आली की ध्वजही तीच आणते आणि तीच पांघरते. गावाने हात आवरावा एवढेच.

पार्थिव चितेवर ठेवण्याआधी ध्वज काढायचा असतो. तो चितेत जाळायचा नाही, दफन असेल तर खड्ड्यात उतरवायचा नाही. घडीचीही रीत आहे. ध्वज आडवा धरून केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्याच्या खाली दुमडायची, मग पांढरी पट्टी दोन्ही बाजूंनी अशी आत घ्यायची की वर फक्त चक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल. ही घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन अधिकारी पत्नीच्या किंवा आईच्या हाती देतो. त्या क्षणी तिच्या आणि त्या अधिकाऱ्याच्या मध्ये कुणी नसावे. पुढारी नकोत, मोबाइल धरलेले हातही नकोत. अलीकडे ही घडी मंत्र्याच्या हातून दिली जावी असा आग्रह धरला जातो. ध्वज पलटणीकडून घरच्यांकडे जातो. मध्ये तिसरा हात येण्याचे कारण नाही.

मिरवणुकीच्या ट्रकच्या बॉनेटवर, टपावर, बाजूंना तिरंगा गुंडाळणे संहितेला मंजूर नाही. ट्रक झेंडूच्या माळांनी सजवा, काही बिघडत नाही. तिरंग्यावर नाव, पक्षचिन्ह, घोषणा छापणे हा 1971 च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. शासकीय, सैन्याचे किंवा निमलष्करी दलाचे अंत्यसंस्कार सोडून इतर कुणावर तिरंगा पांघरणे हाही त्याच कायद्याने गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पक्षाच्या कार्यकर्त्याच्या पार्थिवावर प्रेमापोटी तिरंगा टाकणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसते.

लष्करी मानवंदनेत 'सलामी शस्त्र', मग 'शोक शस्त्र' (बंदुकीची नळी खाली), बिगुलावर 'लास्ट पोस्ट', हवेत तीन फैरी. सगळे मिळून काही मिनिटांचे काम. ही मिनिटे पूर्ण शांततेची असतात, आणि नेमक्या त्याच वेळी ध्वनिक्षेपकावर देशभक्तिपर गाणी, घोषणांची चढाओढ, ड्रोनची घरघर. बिगुल ऐकूच येत नाही. घोषणा रस्त्यावर द्याव्यात, मनसोक्त द्याव्यात. स्मशानात सुभेदाराचा हुकूम ऐकू आला पाहिजे, नाहीतर तुकडीचा ताल चुकतो. दुसरे, मान्यवर येईपर्यंत चिता थांबवू नये. पार्थिव आधीच विमान, मग रस्ता असा लांबचा प्रवास करून आलेले असते आणि आईवडील अन्नपाण्यावाचून बसलेले असतात. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, लोकप्रतिनिधी यांनी एकेक पुष्पचक्र वाहावे, नमस्कार करावा आणि मागे सरावे. भाषणे तेराव्यानंतरच्या शोकसभेत करावीत. आणखी एक नाजूक गोष्ट. सुरुंगाच्या स्फोटात गेलेल्या जवानाची पेटी काही वेळा उघडण्याजोगी नसते. सोबत आलेला अधिकारी तसे सांगतो तेव्हा गर्दीने 'अंत्यदर्शन' म्हणून घरच्यांवर दबाव आणू नये.

वर्तमानपत्रे आणि वाहिन्यांनाही एक विनंती. सैन्य आधी घरी कळवते आणि मग नाव जाहीर करते. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले नाव छापू नका, दाखवू नका. मुलगा गेल्याचे एखाद्या आईला टीव्हीच्या पट्टीवरून कळणे यापरते क्रौर्य नाही.

दरवेळी उठणारी 'शहीद दर्जा द्या' ही मागणीही तपासून घ्यायला हवी. सैन्याच्या नियमांत 'शहीद' असा अधिकृत शब्द नाही. सरकारने संसदेतही हे सांगितले आहे. नियमांत आहे ते 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतली हानी) आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' (लढाईबाहेरची हानी) हे वर्गीकरण, आणि घराचे पुढचे सगळे त्यावर ठरते. आपण हुतात्मा म्हणावे, वीरमरण म्हणावे, भाषेने तो मान द्यावाच. पण आमदाराला खरोखर मदत करायची असेल तर त्याने एकच प्रश्न विचारावा : मृत्यूची नोंद कोणत्या वर्गात झाली?

कारण फरक मोठा आहे. शत्रूच्या किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत मृत्यू आला तर 'लिबरलाइज्ड' कुटुंब निवृत्तिवेतन लागू होते, म्हणजे शेवटच्या वेतनाएवढे. सेवेमुळे ओढवलेल्या इतर मृत्यूला 'स्पेशल', 60 टक्के. सेवेशी संबंध नसलेल्या मृत्यूला साधे, ज्याचा मूळ दर 30 टक्के. केंद्राची सानुग्रह रक्कमही अशीच वेगवेगळी आहे. 1 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दरांनुसार कर्तव्यावरील अपघात किंवा अतिरेकी हिंसाचारात मृत्यू आल्यास 25 लाख, सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत 35 लाख, युद्धात 45 लाख. फिजिकल कॅज्युअल्टीत मृत्यू सेवेमुळे झाला की नाही हे कोर्ट ऑफ इन्क्वायरीवर, म्हणजे लष्करी चौकशीवर ठरते, आणि फाइल तिथे अडकली की सगळेच लांबते. अशा वेळी रेकॉर्ड ऑफिसकडे (जवानांच्या सेवानोंदी ठेवणारे कार्यालय) लेखी पाठपुरावा करणारा खासदार त्या घराला शंभर फ्लेक्सपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

अग्निवीरांबद्दल माझे मत पक्षाच्या भूमिकेपेक्षा वेगळे आहे. अग्निपथ योजनेत मृत्यू आल्यास 48 लाखांचा विमा, कर्तव्यावर असल्यास 44 लाख सानुग्रह, सेवा निधी आणि उरलेल्या काळाचे वेतन मिळते. ही रक्कम लहान नाही, आणि सरकार काहीच देत नाही हा विरोधकांचा प्रचार खोटा आहे. पण कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही हेही खरे. एकाच बंकरमध्ये, एकाच गोळ्याने दोघे पडले तर एका घराला आयुष्यभर वेतन आणि दुसऱ्याला एकरकमी पैसे, हे सैन्याच्या परंपरेत बसत नाही. चार वर्षांचा करार जिवंत परतणाऱ्यासाठी ठीक आहे. कारवाईत पडलेल्याला नियमित जवानाचाच हक्क मिळाला पाहिजे, आणि ही मागणी सरकार पक्षाच्या खासदारांनीच लावून धरावी.

परंपरेतले सगळेच टिकवण्याजोगे असते असेही नाही. शौर्यपदकाचा भत्ता मिळणाऱ्या वीरपत्नीने पुनर्विवाह केला तर तो बंद होई, मात्र दिराशी केला तर चालू राही. ही अट नोव्हेंबर 2017 मध्ये काढली, ते उत्तम झाले.

स्मारकांविषयी. साताऱ्याचे अपशिंगे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या गावचे 46 जण कामी आले आणि त्यांचे साधे स्मारक गावात आहे. खडकीच्या युद्धस्मशानात सगळे दगड एका मापाचे, हुद्दा कोणताही असो. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर नावे एकाच आकारात कोरलेली आहेत; 25 फेब्रुवारी 2019 ला उद्घाटन झाले तेव्हा ती 25 हजार 942 होती. एरवी गावोगावच्या स्मारकांत नेमके उलटे दिसते : उद्घाटकाची पाटी मोठी, जवानाचे नाव लहान. पुतळ्याचा हट्ट धरला की परवानग्यांत वर्षे जातात, आणि घाईने केलेला चेहरा घरच्यांनाही ओळखू येत नाही. त्यापेक्षा काळ्या ग्रॅनाइटची शिळा बरी. अक्षरे खोल कोरून घ्यावीत. नुसती रंगवलेली दोन पावसाळ्यांत उडतात, पितळेची चोरीला जातात. मजकूर एवढाच : सैन्य क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, तारीख, ठिकाण. कोरण्याआधी तो घरच्यांकडून आणि रेकॉर्ड ऑफिसच्या कागदावरून तपासावा, कारण दगडावरची चूक खोडता येत नाही. देणगीदारांची नावे त्या शिळेवर नकोत. आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात देखभालीची दरवर्षीची रक्कम ठरलेली हवी.

जिल्हाधिकाऱ्यांनी सैनिक कल्याण अधिकाऱ्याशी बोलून एक पानाचा कायम आदेश काढावा : स्मशानाच्या परिसरात कोणाचाही फलक नाही, लष्करी मानवंदना चालू असताना ध्वनिक्षेपक बंद, भाषण नाही, कुटुंबाभोवती मोकळी जागा. विनापरवाना फलक काढण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्येच दिलेले आहेत, तेव्हा फलकांसाठी नवा कायदा करायचीही गरज नाही.

शेवटी ज्या घरांतला मुलगा आज सीमेवर आहे त्यांच्यासाठी. मृत्यूनंतर सर्वांत जास्त अडते ते नावातल्या फरकामुळे. पत्नीचे आधारवर सासरचे नाव, पलटणीच्या नोंदीत माहेरचे, बँकेत तिसरेच. लग्नाची किंवा बाळाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा नोंदीत ते चढवणारा पलटणीचा आदेश, झालेली नसेल तर कागदोपत्री पत्नीच नसते, मूलच नसते. विम्याचे आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे नामनिर्देशनाप्रमाणे जातात; लग्नाआधी आईचे नाव लावलेले तसेच राहिले तर सून आणि सासू दोघींनाही पुढे मनस्ताप होतो. मुलगा पुढच्या सुट्टीत आला की पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग आधार, बँक पासबुक आणि सेवा नोंदीत एकच आहे का हे तपासावे, संयुक्त खाते उघडावे, नामनिर्देशन आणि पार्ट टू ऑर्डरच्या प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवाव्यात, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक त्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

आपला,
एक माजी सैनिक, सातारा